किटलीच्या खोक्यातला लांडगा

"दिला एकदाचा चहाचा संच!" नातीच्या पाळण्याच्या समारंभाहून परतलेली गुलसून डोक्याचा रुमाल सोडत म्हणाली. "विहीणबाई खूश!"

तिच्या नवऱ्याच्या, तेमिरकुलच्या हातातला बोरसोकचा तळलेला तुकडा चहात पडला. "कुठला संच?"

"कपाटावरचा. सोनेरी किटलीचं चित्र असलेला."

झाली का पंचाईत! त्या खोक्यात संच नव्हताच. रेडिओदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यापासून तेमिरकुलचे हात शिवशिवत होते, आणि एवढा जाड पुठ्ठा अख्ख्या काराकोल गावात दुसरीकडे मिळत नव्हता. त्याने किटली-पियाले गुपचूप पलंगाखाली सरकवले आणि दोन महिने खपून खोक्यात खेळ बसवला. दारावरच्या घंटीची दोन बटणं, लाल दिव्यांचा लांडगा, हिरव्या दिव्यांची मेंढी. मेंढी सापडली की लांडगा भेसूर ओरडायचा. सगळ्यात जास्त गुणांचा आकडा वरच्या छोट्या काचेवर कायम राहायचा. तेमिरकुलने दोनशे चौदा केले होते, आणि त्याचा त्याला पेन्शनपेक्षा जास्त अभिमान होता.

"म्हणजे मी पुठ्ठा नि वायरी देऊन आले?" गुलसून मटकन खाली बसली. "लेकीच्या सासरी नाक कापलंत हो माझं! पोरीला जन्मभर टोमणे खावे लागणार!"

"अगं, रडतेस काय? भेट आलेला संच कधी कोणी उघडतं का?"

हे मात्र खरं होतं. चुलतीकडून आलेला तो संच तेमिरकुलने पहिल्यांदा उघडला, तेव्हा आत भलत्याच जोडप्याच्या लग्नाचं अभिनंदनपत्र होतं, तेही अकरा वर्षांपूर्वीचं. गावातले संच या कपाटावरून त्या कपाटावर फिरायचे, चहा त्यांना ठाऊकच नव्हता.

"उद्या जाऊ," तेमिरकुल म्हणाला. "झाकणाचा टवका उडालाय म्हणू आणि बदलून आणू."

विहीणबाई म्हणजे शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर व्याहीसुद्धा परवानगी घेऊन शिंकायचे. दुसऱ्या दिवशी दोघं पोचली, तेव्हा त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"टवका? असू दे हो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "आम्हाला चालतो टवका."

"छे छे, असं कसं? आत्ता बदलून देतो की!"

"नको म्हटलं ना! चहा घ्या."

पाच पियाले झाले, पण विहीणबाई जागच्या हलेनात. गुलसून नवऱ्याच्या कानाशी लागली, "पुढे पाठवलेलं दिसतंय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून लांडगा ओरडला.

विहीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "कुत्रा आहे," त्या म्हणाल्या. "आजारी आहे बिचारा."

आपला लांडगा तेमिरकुल ओळखणार नाही? खोकं उघडलं होतं, बिंग फुटलं होतं! दोघांनी कसाबसा निरोप घेतला. घरी येऊन गुलसूनने पलंगाखालचा संच काढून धुतला आणि फडक्यात बांधून दाराशी ठेवला. जेवण दोघांनाही जाईना. लेकीचा फोन वाजला तरी उचलायची छाती होईना.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई स्वतःच दारात उभ्या! बगलेत किटलीचं खोकं.

"विहीणबाई, पाया पडते, चूक झाली आमची!" गुलसूनने गाठोडं पुढे केलं. "हा घ्या खरा संच."

"संच?" विहीणबाईंनी गाठोड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सात पडलेत घरात. व्याही, हे काम तुमचंच ना? दुसरं कोण असले उद्योग करणार!"

तेमिरकुलने मान खाली घातली. "माझंच."

"मग बघा जरा. डावं बटण अडकतंय. त्या दिवशी तुम्ही परत मागायला लागलात, म्हणून तर मी जागची हलले नाही! आता दुरुस्त करा, पण संध्याकाळपर्यंत परत हवंय."

गुलसूनने आधी हुंदका दिला, मग खुदकन हसली आणि पियाले मांडायला धावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या संचात चहा पडला.

तेमिरकुलने खेळ सुरू केला. काचेवर आकडा उमटला: सहाशे अकरा. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तो पुसू नका हं," विहीणबाई पट्टीचा अंगठा कुरवाळत म्हणाल्या. "माझा आहे. आमच्या ह्यांना रोज दाखवते. माणूस दिवसभर खेळतो, पण दोनशेच्या पुढे जाईल तर शपथ! एवढं मंद कोणी असतं का हो?"

गुलसूनने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं.

"दोनशे म्हणजे," तेमिरकुल पुटपुटला, "तसे काही अगदीच कमी नाहीत."