अँब्रोज टिलीची आगाऊ फाशी

अँब्रोज टिलीला मेंढी चोरल्याबद्दल वसंतात फाशी दिली, तेव्हा त्याने मेंढी अजून चोरलेली नव्हती.

यात कुणाची चूक नव्हती. इंग्लंडच्या त्या कोपऱ्यात राजाचे न्यायाधीश क्वचितच येत. रस्ते वाईट होते आणि घोडे थकून जात. म्हणून पुढे जे गुन्हे होतील असं दिसे, त्यांच्या शिक्षा न्यायाधीश परत जाण्याआधीच उरकून घेत. अँब्रोज विणकर होता. काम मिळेनासं झाल्यावर त्याने माग विकला होता, आणि त्याच्या झोपडीला लागूनच हॅझलडीन जमीनदाराचं कुरण होतं. पंचांनी ही परिस्थिती पाहिली आणि मेंढीचोरी ठरवली.

फाशी नीट पार पडली. जल्लादाने त्याला खाली उतरवून टोपी परत दिली आणि अँब्रोज चालत घरी गेला. मान एका बाजूला कलली होती, आवाज घोगरा झाला होता. बायकोने, सिसलीने, त्याच्यापुढे जवाची पेज ठेवली आणि गिळताना दुखतं का, एवढंच विचारलं.

पुढे कोर्टाचा कारकून व्हिटल घरी येऊन कायदा समजावून गेला. फाशी दिली गेली आहे, पण अजून लागू झालेली नाही. मेंढीची चोरी त्याच्या नावावर लागली की त्याच क्षणी लागू होईल. आणि चोरी केलीच नाही तर, असं अँब्रोजने विचारलं. व्हिटल थोडा अवघडला. तसं झालं तर कोर्टाने निरपराध माणसाला फाशी दिली असा अर्थ निघेल, आणि असं आजवर कधी घडलेलं नाही, असं तो म्हणाला.

अँब्रोज चोरी न करता राहिला. चर साफ करण्याचं काम मिळेल तसं तो करी. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याला दाराजवळची जागा दिली, म्हणजे तो जिवंत लोकांतही बसेल आणि स्मशानापासूनही फार लांब राहणार नाही. व्हिटल अधूनमधून येऊन चौकशी करी. दोघांचं बोलणं नेहमी सभ्यपणे होई. फाशी झाल्यापासून अँब्रोजला जगणं जरा जास्तच आवडू लागलं होतं, पण हे त्याने कारकुनाला सांगितलं नाही.

त्या वर्षी पीक शेतातच कुजलं. शरद ऋतू सरता सरता त्यांची मुलगी डॉरकस अंथरुणातून उठेनाशी झाली. मेंढ्या कुंपणातून तोंडं आत घालून उभ्या राहत. अँब्रोजने आपलं स्टूल दुसऱ्या भिंतीकडे वळवून घेतलं.

एका धुक्याच्या सकाळी सिसली मेंढी घेऊन आली. "फाशी तुला झालीय, मला नाही," ती म्हणाली. "म्हणून मीच आणली." अँब्रोजने सुरी घासून घेतली. दुपारी डॉरकस उठून बसली आणि रस्सा प्यायली.

रश्शाचा वास कुरणापर्यंत गेला. हॅझलडीनचा मेंढपाळ व्हिटलला घेऊन आला. व्हिटलने कातडं पाहिलं, भांड्यात डोकावलं आणि टोपी काढून बसला. बाईने आपल्या मनाने चोरी केली असेल तर तिला फाशी होईल, त्याने सांगितलं. आणि ही फाशी गुन्ह्यानंतरची असल्यामुळे लगेच लागू पडेल. नवऱ्याच्या सांगण्यावरून केली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती नवऱ्याचीच चोरी.

"टिली, तू हिला पाठवलं होतंस का?"

सिसली म्हणाली, नाही. नवरा हजर असताना बायकोचं म्हणणं विचारात घेता येत नाही, असं व्हिटलने तिला समजावलं.

अँब्रोजने हातातली वाटी खाली ठेवली. आपली मुलगी खाते आहे, हे त्याने थोडा वेळ पाहिलं.

"मीच पाठवलं," तो म्हणाला. "ती नको म्हणत होती."

कायद्याला एवढं पुरेसं होतं. अँब्रोजचे पाय जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले आणि तो चुलीसमोर लटकला. वर दोरी नव्हती. सिसलीने पुढे होऊन त्याचे पाय मिठीत घेतले आणि जोर लावून खाली ओढले, त्रास लवकर संपावा म्हणून. फाशीच्या वेळी नातेवाइकांना तेवढी मुभा असे. व्हिटल आणि मेंढपाळ मान खाली घालून उभे राहिले.

मग अँब्रोज आपोआप खाली आला, आणि तिघांनी मिळून त्याला बाकावर निजवलं.

मेंढपाळाने उरलेलं मांस मागितलं. ते मालकाचं आहे, तो म्हणाला. व्हिटलने विचार केला. अख्ख्या मेंढीची शिक्षा भोगून झाली आहे, तो म्हणाला, तेव्हा अख्खी मेंढी आता या घराची.

ते दोघे गेल्यावर सिसलीने अँब्रोजचे डोळे मिटले आणि त्याची मान सरळ केली. डॉरकस अजून रस्सा मागत होती. सिसलीने भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं, आणि मीठ कमी वाटलं म्हणून चिमूटभर टाकलं.