गेनूनानाचा सडा

आमच्या निमगाव सावात धूळ एवढी, की कोंबडासुद्धा आधी खोकतो आणि मग आरवतो. अशा गावात शेजारच्या गेनूनानाने चक्क रस्त्यावर सडा घालायला घेतला. तोही तांब्याने नव्हे, कांद्याला चाललेला पाइप वळवून.

झालं होतं असं, की सरकार आणि परदेशी कंपन्या मिळून मोबाईलच्या चिपा बनवणार, त्यासाठी जागा बघायला पथक आपल्याकडेही येणार, अशी बातमी टीव्हीवर आली. नानाची मुलगी सुनीता तमिळनाडूत असल्याच कारखान्यात कामाला. "चिपीला धुळीचा कन सोसत न्हाई, सुनीच सांगती," असं नाना ज्याला त्याला ऐकवी. कारखाना इथे आला, की पोरगी घरून डबा घेऊन कामाला जाईल, एवढंच त्याचं गणित.

तेव्हापासून गावात पाय घासत चालायला बंदी आली. मेंढरंसुद्धा त्याने रस्त्यावरून एकेक करून जाऊ दिली. माझ्या चुलतभावाच्या वरातीला बँडची परवानगी मिळाली, नाचाची नाही. नवरदेवाचा घोडा चवड्यांवर चालला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

जगाचा व्यापार नाना लग्नाच्या हिशेबात समजावून सांगे. "मांडव सरकारचा. म्हंजी जागा, पानी, लाईट. नवरदेव कंपनी. दागिने तैवानचे, आचारी जपानचा, आन वऱ्हाड जायाचं अमेरिकेला. येक रुसला का समद्यांची पंगत अडली, राव."

"मग आपण कोण, नाना?"

"आपुन पोरीकडचे. आपुन सडा घालायचा."

पथक आलं त्या दिवशी त्याने पहाटेपासून इतकं पाणी सोडलं, की धो-धो पावसाच्या घाटघरच्या माणसाने बघताक्षणी भात लावला असता. साहेबांची पांढरी गाडी चिखलात रुतली, ती चाकं बुडून पार दारापर्यंत. एका बाजूने सरकारी अधिकारी ढकलतोय, दुसऱ्या बाजूने कंपनीचा माणूस. दोघांचं सहकार्य म्हणतात ते मी तेवढंच पाहिलं.

कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. तिथे बंदर जवळ, सवलती जास्त, असं पेपरात आलं. मी पेपर नेऊन नानाला वाचून दाखवला, पण त्याला ते पटेना.

"बंदर-बिंदर काय नाय. माझ्या पान्यानं गेली कंपनी."

त्यानंतर पाइप कांद्यातच राहिला. रस्त्यावर धूळ उडायची आणि नाना तोंड फिरवून बसायचा.

दिवाळीच्या तोंडावर बघतो तर सडा पुन्हा सुरू. आता तांब्याने, हलक्या हाताने, एसटीच्या थांब्यापासून त्याच्या दारापर्यंतच. मी फटफटी थांबवून विचारलं, "नाना, आता कुणासाठी?"

"सुनी येनार हाय परवा. धूळ आदीपासनं बसवली पायजे." तो खाली बघतच बोलला. "ल्हानपनी धुळीनं लई धाप लागायची तिला. तिकडं धूळ नाय, म्हनून मीच धाडली. छातीला आराम पडलाय तिच्या. आता इकडं ये म्हनू तरी कुठल्या तोंडानं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुनीच होती, आवाज मलाही ऐकू येत होता. परदेशातून मोठी ऑर्डर आली होती. कारखान्याने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या. नाना दोनदा "बरं, बरं" म्हणाला. फोन खिशात टाकला. मग वाकून तांब्या भरला आणि उरलेल्या वाटेवर पाणी शिंपडत निघाला.

मी फटफटी चालू केलीच नाही. त्याच्या मागून, त्याच्या दारापर्यंत, ढकलत नेली.