आबांची वाचती पेटी

आमच्या दशरथआबांना लग्नाचं आमंत्रण द्यायला जायचं असेल, तर घरून जेवूनच निघावं. पत्रिका हातात ठेवली, तोंडी तारीख सांगितली आणि निघालो, असं तिथे चालत नाही. आबा पत्रिका आपल्या पेटीत सरकवतात, वर मोबाइल ठेवतात आणि मोबाइलमधली बाई गणपतीच्या नावापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचते. मध्ये भावकीची चाळीस नावं असतात. लग्नघरचे यजमान तोवर ताटकळत उभे. कोणी घाईघाईने "मी वाचतो की आबा" म्हणालं, की ठरलेलं उत्तर येतं, "माणूस वाचताना गाळतो. पेटी गाळत न्हाय."

मी निमगाव केतकीत शिक्षिका आहे आणि आबांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहते. आबा एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाले आणि काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मोबाइल कागद वाचून दाखवतो हे त्यांना कळलं, पण न दिसणाऱ्या माणसाने कॅमेरा कागदावर नेमका धरायचा कसा? आबांनी डाळिंबाचा खोका घेतला, वर भोक पाडलं, भोकावर मोबाइल, तळाशी कागद. कागद सरळ बसावा म्हणून दोन पट्ट्या आणि वरची बाजू हाताला कळावी म्हणून कोपऱ्यात एक खिळा. आता खोक्याच्या जागी प्लायवूड आलंय, आत दिवाही आलाय. तो लागला का, हे आबा हात घालून ऊब बघून ठरवतात.

मीही एकदा पेटीच्या तावडीत सापडले. त्यांना पेपर वाचून दाखवताना निधनवार्ता सोडून दिल्या. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला? दुपारी पेटीने तोच पेपर वाचला. त्यात डेपोतल्या त्यांच्या जोडीदाराचं नाव होतं. तेव्हापासून मी 'गाळणाऱ्या बाई'.

परवा रविवारी दुपारी भिंतीपलीकडून मोबाइलमधली बाई पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होती, "मजकूर आढळला नाही." शेवटी मी जाऊन बघितलं. आबा नवा दिवा बसवून पेटीपुढे बसले होते.

मग त्यांनी सांगितलं. पेटी पहिल्यांदा तयार होत होती, तेव्हा त्यांच्या पत्नी विमलकाकूंनी चाचणीसाठी म्हणून वहीच्या पानावर काहीतरी लिहून दिलं होतं. काय लिहिलंय विचारलं, तर हसून म्हणाल्या, पेटीलाच विचारा. त्याच महिन्यात काकू अचानक गेल्या. नवा मोबाइल, नवी काच, नवा दिवा, सगळी खटपट त्या एका पानासाठी चालली होती, आणि मी तिला म्हातारपणाचा चाळा समजत होते.

"छापल्यालं समदं वाचती," आबा म्हणाले. "हिचं अक्षर तेवढं वाचंना."

"मी वाचू का?"

आबांनी पेटीवर हात ठेवला. "नगं. तिनं पेटीला विचारा म्हणून सांगितलंय." मग हळूच म्हणाले, "एवढंच बघा बाई, पान सुलटं हाय न्हवं?"

मी पान बाहेर काढलं. काकूंनी पेन्सिलीने लिहिलं होतं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आबा कसल्याशा कागदावरून बोटं फिरवत असतात, हे मी कितीदा पाहिलं होतं. तो कागद हाच. त्या बोटांनी सगळं पुसून टाकलं होतं. पानभर करडा डाग, आणि कडेची छापील लाल रेघ. अक्षर एकही नाही.

"सुलटं आहे," मी म्हणाले. तेवढंच सांगितलं, बाकीचं गाळलं.

"मंजी पेटीतच कायतरी राहिलंय."

"हो आबा. पेटीतच."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. चाचपडत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर शोधला. "दिवा जरा खाली घिऊन बघतो. पेटी धरता का तेवढी?"

मी धरली. डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसणार नव्हतं. आवाज तेवढा सांभाळला.