सासऱ्यांची होडी आणि माझा निळा ठिपका

होडी चालवणं यात अवघड असं काहीच नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. रस्त्यावर निदान रिक्षा आडव्या येतात, समुद्रात कोण येतंय? हे मत मी सासऱ्यांना ऐकवलं, तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्याने त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर बिघडलेल्या एक्स-रेकडे पाहतात!

त्यांची होडी नवा तळ बसवून खाडीपलीकडे तयार होती. मासेमारीचा हंगाम चार दिवसांवर आला होता.

"मी आणतो!" मी म्हणालो.

"जावईबापू, मध्ये खडकांची रांग आहे. वाट एकच, तीही दोन होड्यांच्या रुंदीची."

"फोनमध्ये नकाशा आहे ना!"

"मी जाते यांच्यासोबत," बायको म्हणाली. लग्नाआधी ती वडिलांबरोबर रोज समुद्रावर जायची. लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी 'आता पुरे' म्हणून तिच्या हातातलं सुकाणू काढून घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली.

सकाळी खाडीपलीकडून होडी घेऊन आम्ही निघालो. सुकाणूवर अर्थातच मी!

"बर्फाच्या कारखान्याची चिमणी पाण्याच्या टाकीमागे लपली, की आपण वाटेच्या मधोमध असतो," बायकोने सांगितलं.

"अगं, चिमण्या कसल्या बघतेस? हा बघ निळा ठिपका. हे आपण!"

ती दोर गुंडाळू लागली. तेवढ्यात धक्क्यावर सासूबाई दिसल्या. हातात चादर घेऊन जोरजोरात हलवत होत्या. मला भरून आलं. मीही हात हलवला. मग धक्क्यावरचे सगळेच हात हलवू लागले, टोप्या उडवू लागले. काय ते स्वागत! मी उभा राहून दोन्ही हातांनी अभिवादन केलं.

"बघ, सगळं गाव लोटलंय!"

बायकोने मान वर केली आणि किंचाळली, "अहो, आई बोलावत नाहीये, हाकलतेय!"

खर्रर्र! होडी थांबली. मी थांबलो नाही. मी सरळ जाळ्याच्या ढिगात गेलो!

नकाशात खडक नव्हतेच हो! नुसता निळा रंग होता!

बायको गुडघाभर पाण्यात उतरली आणि वाकून तळाची फळीन् फळी चाचपू लागली. सासऱ्यांचा सगळा हंगाम त्या फळ्यांवर होता.

"रंग खरवडलाय. फळ्या शाबूत आहेत," ती म्हणाली. "पण ओहोटी लागलीय. आता भरती येईपर्यंत बसा."

बसलो. पाणी ओसरलं आणि आमची होडी खडकावर शोकेसमधल्या फुलदाणीसारखी दिसू लागली. शेजारून एक खेकडा गेला. तोही तिरका बघत!

दुपारी पाणी चढलं, होडी हलली. मी निमूटपणे बाजूला सरकलो. बायकोने सुकाणू धरलं, तोच फोन वाजला. सासरे! मी स्पीकर लावला.

"कोण चालवतंय?"

"मी, बाबा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "चिमणी कुठे आहे?"

"टाकीमागे."

"मग फोन ठेव. दोन्ही हात सुकाणूवर."

दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर पाणी फेसाळत होतं, आणि बायको ओठ मिटून समोर बघत होती. अकरा वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिलाच नव्हता! होडी सुईतून दोरा जावा तशी पार झाली.

धक्क्यावर सासऱ्यांनी होडीवरून हात फिरवला, मग लेकीच्या डोक्यावर.

"हंगामभर तूच चालव," ते म्हणाले. "डोळा बरा झाला, तरीही."

बायको हसता हसता रडली. सासूबाईंनी तीच चादर डोळ्यांना लावली. वातावरण इतकं छान झालं होतं, की मलाही धीर आला.

"आणि मी, बाबा?"

"तुम्हीही जात जा रविवारी," सासरे प्रेमाने म्हणाले. "नव्या तळामुळे होडी पुढून जरा हलकी झालीय. तिथे वजन लागतंच."