दत्तूकाकांच्या मावश्या

दत्तूकाका रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न विचारायचे, "भिया, तुमच्या घरचं पौषात कोणी गेलंय का?" नवख्या माणसाला घाम फुटायचा. आम्ही देवासचे लोक सरावलो होतो, म्हणजे ते लांबून दिसले की गल्ली बदलायचो.

काकांना मेलेल्या माणसांत रस नव्हता. रस होता तो वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणात. गोरगरीब मुलांसाठी देशभर काम करणारी एक संस्था आहे. बागलीकडची माणसं मजुरीला परमुलखात गेली की त्यांची मुलं शाळेसाठी तिच्या इथल्या वसतिगृहात राहत. एका वर्षी दिल्लीच्या ऑफिसनं कळवलं की जेवणाचा भार गावानं उचलला तरच हे चालेल. कारखान्यातून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या आमच्या या शेजाऱ्याला तेव्हापासून दुसरा उद्योग उरला नाही.

आमच्या गावाची एक खोड आहे. जेवू घालायचं ते पितृपक्षात. त्या पंधरवड्यात वसतिगृहाच्या फाटकाशी माणसं खिरीची पातेली घेऊन रांगेत उभी राहायची. मुलं सकाळी एकाच्या आजोबांची खीर खायची, दुपारी दुसऱ्याच्या काकूची, आणि सर्वपित्रीच्या संध्याकाळी निम्मी मुलं पोट धरून आडवी. पुढे पौष उजाडला की पातळ खिचडी. काका घरोघर हात जोडून सांगायचे, "घरचं श्राद्ध भादव्यात करा, कौन मना करता है? पण मुलांचं जेवण माणूस ज्या महिन्यात गेला त्या महिन्यात द्या. तुमचे वडील पौषातच गेले, मी खांदा दिलाय." ज्यांना आजीची तिथी आठवत नसे त्यांना ते स्वतःच पौषातली एखादी काढून द्यायचे. माझ्या वडिलांची, नानांची, तब्येत ते इतक्या आपुलकीनं विचारत की नाना एकदा चिडून म्हणाले, "मी पौषात जाणार नाही, सांगून ठेव त्याला."

काकांचं फारसं कुणी ऐकलं नाही. पितरांची सोय बघताना मुलांच्या भुकेकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

एकदा पौषात मी त्यांच्याबरोबर वसतिगृहात गेलो होतो. खिचडीचं ताट पुढ्यात घेऊन बसलेली एक चिमुरडी त्यांना म्हणाली, "काका, आज कोई नी मर्यो?" खीर नाही म्हणजे आज कुणी मेलं नाही, असा तिचा हिशेब. काका म्हणाले, "मरी गी, बेटा. धारवाली म्हारी मासी." घरी जाऊन त्यांनी दूध आटवलं आणि संध्याकाळी खीर घेऊन हजर झाले. त्या पौषात काकांच्या धारच्या बऱ्याच मावश्या वारल्या. पुढच्या वर्षी आणखी. "काका, तुमच्या आजोबांना मुली होत्या तरी किती?" असं आम्ही विचारायचो, आणि ते नुसते हसायचे. एकाही मावशीचं सुतक त्यांनी पाळल्याचं मला आठवत नाही.

पण एकटा माणूस मावश्या मारून मारून किती मारणार? या दिवाळीत मुलं घरी गेली आणि दिल्लीहून फोन आला, आता परत बोलावू नका. गावाचा हात नाही, वसतिगृह बंद. काका थेट सोनकच्छपर्यंत दारं ठोठावून आले. लोकांनी चहा पाजला आणि म्हणाले, पितृपक्षात या. मुलं आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेली. ती चिमुरडीही गेली. आजही त्या फाटकावरचं कुलूप दिसलं की मला गावाचा संताप येतो, पण संतापून कुणी परत येत नाही.

परवा, पौषातल्याच दुपारी, काका माझ्या दारात उभे राहिले. दोन्ही हातांत मोठं पातेलं, काठोकाठ खीर. मी सवयीनं विचारलं, "आज कोणती मावशी?"

ते पायरीवर बसले. "मावशी कुठली, भिया. धारला दत्ताच्या देवळात मला कोणीतरी ठेवून गेलं. पुजाऱ्यानं वाढवलं. आई कोण ते माहीत नाही, मावशी कुठून असणार?"

मी म्हणालो, "आम्ही इतकी थट्टा करायचो, तेव्हाही सांगितलं नाहीत."

"अच्छा लगता था. काका, तुमची मावशी, काका, तुमची मावशी, असं सगळं गाव म्हणायचं." त्यांनी पातेल्यावरचं झाकण उगाचच नीट केलं. "नातेवाईक मिळाले ते या मुलांमुळे, आणि तेही मेलेले. आज सकाळी हात आपोआप चालले. दूध आटल्यावर लक्षात आलं, खायला कोण आहे?"

मी आत जाऊन वाट्या आणल्या. नाना काठी टेकत बाहेर आले, काकांच्या शेजारी बसले आणि वाटी पुढे करून म्हणाले, "वाढ, दत्तू."

आम्ही तिघांनी पोटभर खाल्ली. पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं.