जुन्या सिस्टिमचे शेषरावजी

आमच्या पांढुर्ण्याच्या जिनिंग फॅक्टरीत कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं, तर शेषरावजी आधी तुमचे हात हुंगत. संत्र्याचा वास आला की परत पाठवत. "सालीचं तेल फ्लॉपीले लागते. जा, साबण लावून या." संत्र्याच्या दिवसांत अख्ख्या गावाच्या हातांना तोच वास, त्यामुळे हिवाळाभर त्या खोलीत त्यांच्याखेरीज चिटपाखरू नसे. मालकांनासुद्धा त्यांनी एकदा नळावर धाडलं होतं.

मी तिथे टायपिस्ट होतो. शेषरावजी मूळचे गोदामातले कारकून. ते पन्नाशीला टेकले तेव्हा मालकांनी नागपूरहून कॉम्प्युटर आणला आणि कापसाच्या गाठींचे नंबर त्यात चढवायचं काम यांच्या गळ्यात मारलं. सहा महिन्यांत हा माणूस असा झाला, की तब्येत कशी आहे विचारलं तर मशीनची सांगे. "ठीक आहे. आज जरा उशिरा उठली."

मशीन उठवायला आधी सिस्टिमची फ्लॉपी घालावी लागे. तिच्यात काही खोट सापडली की कंपनी ती दुरुस्त करी, आणि दर तीन महिन्यांनी कंपनीचे इंजिनियर राऊतजी सुधारलेली फ्लॉपी घेऊन नागपूरहून येत. अशात, ऐंशीचं दशक संपत आलेलं असताना, पेपरात वायरसची बातमी आली. बाहेरच्या फ्लॉपीतून एका मशीनची बाधा दुसऱ्याला होते म्हणे. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दाराला कडुनिंबाची डहाळी! आमच्याकडे घरात कोणाला माता, म्हणजे गोवर-कांजिण्या, आल्या की लावतात, तशीच.

मी पोट धरून हसलो. शेषरावजी म्हणाले, "'बाहेरची फ्लॉपी आणू नये' असं लिहिलं, तर कोणी वाचते का? डहाळी पाहून माणूस आपोआप उंबऱ्यावर थांबते." आणि खरंच थांबत. सौंसरहून एकाने आणलेली फ्लॉपी त्यांनी तीन दिवस बाहेरच्या पेटीत ठेवली आणि चौथ्या दिवशी तशीच परत केली.

दार मोकळं होतं ते फक्त राऊतजींना. राऊतजी जाडे, दमेकरी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचे हात कोणी हुंगत नसे. काम आटोपलं की दोघं व्हरांड्यात बसून शेषरावजींच्या हातचा डबा खात. आम्हाला तिथे बोलावणं नसे, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा राग होता.

मग कंपनीचं पत्र आलं. बिघाडाला माणूस येईल, पण या जुन्या सिस्टिमची सुधारलेली फ्लॉपी आता बंद, नव्या वायरसवर इलाज मिळणार नाही, सबब मशीन बदलावी. मालकांनी दुसऱ्याच कंपनीची मशीन बघायला घेतली.

"चालून राहिली ना मशीन!" शेषरावजी मालकांशी भांडले. "चालत्याले काऊन काढता?"

"उद्या बाधा झाली तर कोण येणार? तुमची डहाळी?" मालक म्हणाले.

त्यानंतर मशीन सारखी बंद पडू लागली. दर वेळी नागपूरला फोन, दर वेळी राऊतजी हजर. एके दुपारी मी कागद आणायला आत गेलो, तर शेषरावजी टेबलाखाली ओणवे होऊन स्वतःच्या हाताने वायर उपसत होते. मला पाहूनही त्यांनी लपवलं नाही.

"अहो, अशानं मालक उलट लवकर बदलतील!" मी ओरडलो.

"समजते मले." ते तिथेच जमिनीवर बसले. "बदलली का राऊतजीचं येणं संपलं. तवर दोन-चार डाव तरी ते येतील. बायको गेल्यापासून माह्या हातचं दुसरं कोणी खाल्लं नाही, भाऊ."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकंच वाईट वाटलं. मी कोणाला काही बोललो नाही. राऊतजी आले, टेबलाखाली वाकले, वायर खोचली आणि मालकांना म्हणाले, "सैल झाली होती." ती त्यांची शेवटची खेप. निघताना त्यांनी शेषरावजींचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

नवी मशीन आली. तिचा माणूस बुटांसकट आत शिरला, तासाभरात सिस्टिम चढवली, चहाला नको म्हणाला आणि गेला. जुनी मशीन गोदामात बारदान्याखाली गेली. शेषरावजी नव्या मशीनवर निमूट काम करत. कोणाचे हात हुंगत नसत. संत्रं सोलत आत गेलं तरी मान वर होत नसे.

तीन महिने झाले. राऊतजींच्या खेपेचा दिवस आला, आणि शेषरावजी सवयीने दोघांचा डबा घेऊन आले. व्हरांड्यात उघडून नुसते बघत बसले होते. मी न विचारता समोर जाऊन बसलो.

वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. पहिला घास तोंडात घातला आणि थांबलो. भाजीत मिठाचा कण नव्हता.

"मीठ बराबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "बायकोले डाक्टरनं मीठ बंद केलं होतं. मीही तसंच खाऊ लागलो. आता मले काही समजत नाही. राऊतजीले दर डाव विचारत होतो. ते म्हणत, एकदम बराबर."

मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

"एकदम बराबर," म्हणालो. "आणखी वाढा."