तरसे वकिलांची समाजसेवा

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, हत्ती होता आणि दिवाळखोरीचा वकीलही होता. जंगल म्हटलं की सगळंच आलं. मांडी घालून बसा आणि मधेच प्रश्न विचारू नका.

वकिलांचं नाव तरसे. नावावरून ओळखलंच असेल, ते तरस होते. तरुणपणी ते मेलेली जनावरं खायचे, तेव्हा सगळे त्यांना नावं ठेवायचे. मग ते कायदा शिकले आणि बुडालेली जनावरं खाऊ लागले. याला फी म्हणतात. फीला कुणी नावं ठेवत नाही.

त्या जंगलाचा रिवाज असा, की ज्याला उसनं धान्य फेडता येत नाही त्यानं पाणवठ्यावरच्या कातळावर जायचं आणि न्यायाधीश कासवापुढे हात वर करायचे. हात वर झाले की देणं मिटलं. बीळ मात्र वकिलांच्या ताब्यात. ते विकून आधी फी घ्यायची, उरेल ते सावकारांना द्यायचं. उरायचं कधीच नाही.

रविवारी तरसेसाहेब समाजसेवा करत. पाणपोई घालत, अस्वलांना घोंगड्या वाटत. घोंगडी देताना खांद्यावर हात ठेवून विचारत, "घरी कसं काय? कुणाचं देणंबिणं?" सोमवारी ते अस्वल कातळावर दिसायचं. जंगल म्हणायचं, केवढा देवमाणूस!

तिथेच चिमाक्का नावाची साळिंदरीण राहायची. तिनं घुशींच्या पतपेढीतून ज्वारी उसनी घेतली होती. पण ऊन असं पडलं, की जमिनीतले कंद वाळून गेले. पदरी लहान पिल्लं, आणि डोक्यावर छप्पर म्हणाल तर तेवढं एक बीळ. तिचा सगळा जीव त्या बिळात होता.

"चिमाक्का, हात वर करा अन् मोकळ्या व्हा," तरसे म्हणाले.

"नको वो वकीलसाहेब. मला फक्त मुदत मिळवून द्या. कंद आले की दाणा न् दाणा फेडीन."

"तुमच्यासारख्यांमुळेच समाज टिकून आहे," तरसे गहिवरून म्हणाले, आणि मुदत मागायचं विसरले.

पुढे जंगलानं ठरवलं, साहेबांना 'वनभूषण' द्यायचं. समारंभ कातळावरच. अध्यक्षस्थानी कासव. भाषणं लांबली आणि अध्यक्षांना डुलकी लागली. शेवटी सूत्रसंचालक माकड ओरडलं, "ठराव मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

सगळ्यांनी केले. ससे, रानडुकरं, अस्वलं, अगदी घुशींनीसुद्धा. एकट्या चिमाक्कानं केले नाहीत. त्या कातळावर हात वर करायला तिला लाज वाटली.

ओरडण्यानं कासव दचकून जागं झालं. पाहतं तर समोर हातच हात. सवयीनं त्यानं जाहीर करून टाकलं, "सगळे दिवाळखोर! देणी माफ, बिळं वकिलांकडे!"

"अहो, हा सत्काराचा ठराव होता!" ससा किंचाळला.

"न्यायालयाचा अवमान होतोय," तरसे हाराआडून म्हणाले.

खरं सांगू? मला त्या सशाची कीवसुद्धा येत नाही. हार घालायला एवढं जवळ गेलात, तेव्हा दात दिसले नाहीत?

चिमाक्का घरी आली. बीळ वाचलं म्हणून तिनं काटे सांभाळून पिल्लांना पोटाशी धरलं. इतक्यात दारात तरसे उभे.

"घुशींची पतपेढी आता माझ्याकडे आली आहे. बाकी सगळ्यांची देणी माफ झाली. देणं असलेल्या तुम्ही एकट्याच उरलात."

"मग मीबी हात वर करते!" चिमाक्काला रडू फुटलं.

"आता कुठे करणार? तो कातळ मी घेतला. तिथे मोफत वाचनालय होणार आहे."

त्या रविवारी चिमाक्काच्या बिळात साहेबांनी निराधार पिल्लांसाठी आश्रम काढला. पहिली निराधार पिल्लं चिमाक्काचीच होती. फीत कापताना फोटोसाठी तिला जरा हसायला सांगितलं, आणि ती हसली.

तात्पर्य : घेतलेलं कर्ज प्रामाणिकपणे फेडायची इच्छा जरूर धरावी. समाजसेवेचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा.